चित्रपुस्तक लिहू पाहणाऱ्या मुलीला मदत करायची, पण किती?

निळीशाई

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने एक गोष्ट मनात घोळतेय, ती इथे मांडते. पोस्ट मोठी झालीय, सांभाळून घ्या.

ओळखीतल्या एका घरची 13 वर्षांची मुलगी दर शनिवारी माझ्याकडे येते. तिला चित्रपुस्तक लिहायचंय. चार-पाच वर्षांच्या पोरांना मांडीवर घेऊन वाचून दाखवतात ना, तसलं. धाकट्या भावाला रोज रात्री गोष्ट वाचून दाखवायचं काम तिच्याकडे आहे आणि घरातली सगळी पुस्तकं आता दोघांचीही पाठ झालीत, म्हणून तिने स्वतःच लिहायचं ठरवलं. मी बालसाहित्यातली नाही. मोठ्यांच्या पुस्तकांचं संपादन मात्र बरीच वर्षं केलंय, तेवढ्या भरवशावर तिच्या आईने लेक माझ्याकडे पाठवली.

पहिल्याच शनिवारी तिने वही पुढे केली. एका मुंगीची गोष्ट. साखरेचा दाणा नेताना ती रांगेतून चुकते, एकटी पडते आणि शेवटी वारुळात पोचते. 1,400 शब्द. सुरुवात अशी: 'एके दिवशी एक काळ्या रंगाची इवलीशी मुंगी साखरेचा पांढराशुभ्र दाणा तोंडात घट्ट पकडून आपल्या मैत्रिणींच्या मागोमाग हळूहळू चालली होती.' आणि शेवट: 'म्हणून मुलांनो, संकटात कधीही धीर सोडू नये.'

मी सवयीने लाल पेन उचललं. 'काळ्या रंगाची' खोडलं, 'इवलीशी' खोडलं, 'पांढराशुभ्र' खोडलं. पंधरा मिनिटांत पान लाल झालं, आणि सगळ्यात वर मी माझ्या अक्षरात लिहिलं: 'मुंगी निघाली.' ती म्हणाली, 'छान आहे.' पुढचे दोन शनिवार ती आलीच नाही.

तिसऱ्या शनिवारी आली, पण वही नव्हती. विचारलं तर म्हणाली, 'ते आता तुमचं वाक्य झालं ना, मावशी.' रागाने नाही, साधं सरळ सांगितलं. तेव्हापासून मला चैन नाही.

गोष्ट तिचीच राहायला हवी हे कळतं. पण 1,400 शब्दांचं चित्रपुस्तक होत नाही हेही दिसतं. मी गप्प बसले तर तिला मदत काय झाली? बोलले तर पुन्हा तेच होणार. ज्यांनी या वयाच्या मुलांना लिहितं केलंय, त्यांनी कृपया सांगा.

ब्रशवाली

निळीशाई, मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, त्यामुळे माझं म्हणणं त्या बाजूने.

तुम्ही खोडलेले तिन्ही शब्द खोडण्यासारखेच होते. चूक एवढीच की ते का जायचे हे तिला कळण्याआधी गेले. काळी, इवलीशी, पांढराशुभ्र हे सगळं चित्रात येतं. पण तिच्या वहीत चित्रच नाहीये! ती डोळ्यांसमोरचं चित्र शब्दांनी काढतेय. चित्र नसेल तर तिचं वाक्य बरोबरच आहे.

एक करून बघा. तिला तिचं आवडतं चित्रपुस्तक घ्यायला सांगा आणि त्यातला फक्त मजकूर वहीत उतरवून काढायला लावा. हाताने, चित्रांकडे न बघता. मग तेवढाच मजकूर भावाला वाचून दाखवायला सांगा. तो दुसऱ्या वाक्याला विचारेल, 'कोण? कुठे?' चांगल्या चित्रपुस्तकाचा मजकूर एकटा वाचला तर अर्धवट लागतो, आणि तो तसाच लागायला हवा. उरलेलं अर्धं चित्र सांगतं.

पॅट हचिन्सचं 'रोझीज वॉक' (1968) मिळालं तर तिला दाखवाच. अख्ख्या पुस्तकात 32 शब्द. एक कोंबडी फिरायला निघते, कुठून कुठून जाते आणि जेवायच्या वेळेला घरी येते, एवढंच शब्द सांगतात. चित्रांत पहिल्यापासून तिच्या मागे कोल्हा लागलेला आहे, आणि मजकुरात कोल्हा हा शब्द एकदाही येत नाही. ऐकणारं पोर ओरडून सांगत असतं, वाचणारा मोठा माणूस शांतपणे पुढची ओळ वाचत असतो. मोठ्याला माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे, हा त्या वयातला फार मोठा आनंद आहे.

कानामात्रा

मी शाळेत भाषा शिकवतो. थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

हल्ली मुलांच्या लिखाणाला हात लावायचा नाही असं एक वारं आलंय. 13 वर्षांच्या मुलीला 'मागोमाग' आणि 'हळूहळू' एकाच वाक्यात का नको, हे कोणीतरी सांगायलाच हवं. तिचा मान राखणं म्हणजे तिच्या चुका तशाच ठेवणं नव्हे. उलट जिचं लिखाण आपण गांभीर्याने घेतो, तिच्याच चुका आपण दाखवतो. लाल पेनाला मी दोष देणार नाही. आपलं वाक्य तिच्या वहीत लिहिणं तेवढं चुकलं. खोडणं ही शिकवणी आहे, पण तिच्या जागी आपण लिहिलं की लेखक बदलतो.

तात्पर्याबद्दलही बोलायचंय, पण आधी इतरांचं ऐकतो.

घडीकाम

मी छपाई-बांधणीतला माणूस. लिहिण्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, कागदाबद्दल आहे.

तिला वही देऊ नका. डमी द्या. ए-फोर आकाराचे आठ कोरे कागद घ्या, सगळे एकत्र मधोमध दुमडा, घडीवर दोन पिना मारा. 32 पानांचं पुस्तक तयार. जगभर बहुतेक चित्रपुस्तकं याच मापाची असतात, कारण मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी छापून घड्या घातल्या की 8 किंवा 16 पानांचा एक फॉर्म होतो. म्हणून पानं त्याच पटीत वाढतात. आणखी दोन पानं हवीत म्हणून दोन वाढवता येत नाहीत.

आता त्या डमीवर आकडे घालायला सांगा. पान 1 वर पुस्तकाचं नाव. 2-3 वर प्रकाशनाची माहिती आणि अर्पणपत्रिका. गोष्ट 4-5 वर सुरू झाली तर 30-31 पर्यंत समोरासमोरच्या पानांच्या 14 जोड्या मिळतात, आणि शेवटचं 32 वं पान एकटं. म्हणजे गोष्टीला 14 दृश्यं आणि वर एक शेवटचा श्वास. तिचे 1,400 शब्द या हिशेबात बसवायला गेलात तर प्रत्येक जोडीवर 100 शब्द. चित्र कुठे काढायचं, हे तीच विचारेल.

एक ध्यानात असू द्या. मधली घडी पान गिळते. तिथे कोणाचा चेहरा येऊ देऊ नका आणि शब्द तर अजिबातच नको.

बालवाडीताई

घडीकामदादा, ही डमीची युक्ती मी उद्याच वर्गात वापरणार!

माझी भर वाचनाची. चित्रपुस्तक लिहिणारीने आपली गोष्ट स्वतः वाचून दाखवू नये, दुसऱ्याकडून वाचून घ्यावी. आपण वाचतो तेव्हा आपला आवाज खड्डे भरत जातो. दुसरी व्यक्ती पहिल्यांदा वाचते तेव्हा जिथे अडखळते, तिथे वाक्य बिघडलेलं असतं. लिहिणारीने पेन्सिल घेऊन शेजारी बसायचं, मधे बोलायचं नाही, अडखळलं तिथे ठिपका द्यायचा. पोराने मान वळवली तिथे फुली. बस्स. पुढची सुधारणा ती स्वतः करते, कारण ठिपके तिने दिलेले असतात, तुम्ही नाही.

लहान मुलांना शब्द कानाला कसा लागतो ते महत्त्वाचं. आपल्या मराठीत केवढा खजिना आहे: टुणकन, धप्पकन, सळसळ, गुडूप. पण ते पानोपानी नकोत. एक 'धप्पकन' नेमक्या पानावर आला की वर्ग उसळतो. पाच आले की कोणी लक्षही देत नाही.

पाऊलवाट

वाचतेय. माझा भाचा यमकात गोष्टी लिहितो, त्याला कसं सांगावं तेही कोणीतरी लिहा ना.

कानामात्रा

पाऊलवाट, त्याला एवढंच विचारा: हा शब्द गोष्टीला हवा म्हणून आलाय की वरच्या ओळीला जोडी हवी म्हणून? यमकासाठी कथेत माकड घुसलं असेल तर माकड जाऊ द्या, किंवा मग कथा माकडाचीच करा.

आता तात्पर्य. शेवटी उपदेश नको म्हणतात, मलाही मान्य आहे. पण मुलगी ते का लिहिते हे बघा. आजवर तिला निबंधात, गोष्टीत, भाषणात तेच शिकवलंय, आणि त्यात आम्ही शिक्षकही आलो. शेवटची ओळ नुसती खोडली तर तिला वाटणार की गोष्ट लंगडी राहिली. ती ओळ काढायची तर तिच्या जागी दुसरं काहीतरी ठेवावं लागेल, आणि काय ठेवायचं ते मला खरंच सांगता येत नाही.

ब्रशवाली

पान उलटणं ठेवायचं, कानामात्रा.

मॉरिस सेंडाकच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' (1963) मध्ये सुरुवातीला चित्र पानाच्या मधोमध लहानसं असतं, भोवती पांढरी जागा. मुलाच्या खोलीचं जंगल होऊ लागतं तसं चित्र पानागणिक वाढतं, पान भरतं, शेजारच्या पानावर सांडतं, आणि मग लागोपाठ तीन जोड्यांवर एकही शब्द नाही, नुसता धुडगूस. मग शब्द परत येतात. शेवटच्या पानावर उलटं: चित्रच नाही, एक छोटी ओळ फक्त, की घरी त्याची वाट पाहणारं जेवण अजून गरम होतं. आईने माफ केलं असं कुठेही लिहिलेलं नाही. पण चार वर्षांच्या पोरालाही ते कळतं.

तुमच्या विद्यार्थिनीला विचारा, निळीशाई: मुंगी घरी पोचल्यावर काय दिसतं? काय शिकली हे विचारू नका, काय दिसतं ते विचारा.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज डमी केली, जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

तिची मूळ वही मी आधी कोरी करून दिली, म्हणजे माझ्या लाल खुणांशिवाय तिचा मजकूर जसा होता तसा टाइप करून, छापून दिला. 'मुंगी निघाली' त्यात नव्हतं. तिने ते बघितलं आणि काही बोलली नाही, पण खुर्ची पुढे ओढली.

आठ कागद दुमडले, पिना मारल्या, आकडे घातले. मग मी तिला कात्री दिली आणि सांगितलं, तुझ्या वाक्यांच्या पट्ट्या काप आणि ज्या पानावर हव्यात तिथे ठेव, डिंक नंतर. मी स्वयंपाकघरात गेले, मुद्दाम. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर आले तर जमिनीवर पट्ट्यांचा पसारा, आणि ती डमीत खालमान घालून पेन्सिलने मुंग्या काढत होती. सहा पायांच्या, प्रत्येकीच्या तोंडात ठिपक्याएवढा दाणा. रंगाच्या, आकाराच्या सगळ्या पट्ट्या तिने बाजूला सारल्या होत्या. मी काहीही सांगितलेलं नव्हतं. म्हणाली, 'हे तर दिसतंच की.'

मी गप्प बसले. फार कठीण गेलं. 'म्हणजे आता बघ' एवढं तोंडाशी आलं होतं.

ब्रशवाली

'हे तर दिसतंच की' ही ओळ मी माझ्या टेबलासमोर लिहून लावणार आहे.

पाऊलवाट

किती छान! पुढे काय झालं ते नक्की लिहा. मुंगीची मला खरंच काळजी लागलीय.

कानामात्रा

मनापासून आनंद झाला. पण निळीशाई, एक विचारतो. समजा तिला ते दिसलं नसतं. पट्ट्या सगळ्या तशाच चिकटवल्या असत्या. मग तुम्ही किती शनिवार गप्प बसला असता?

निळीशाई

कानामात्रा सर, रास्त प्रश्न आहे. दोन-तीन शनिवार थांबले असते आणि मग विचारलं असतं. उत्तर मात्र दिलं नसतं. आता मी स्वतःला एक नियम घालून घेतलाय: तिच्या पानावर माझं अक्षर उमटायचं नाही. बोलायचं तर प्रश्नात बोलायचं, आणि प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर मलाही माहीत नसेल. 'इथे हा शब्द हवा का?' हा प्रश्न नाही, ते लाल पेनच आहे. 'दाणा जड आहे की हलका?' हा खरा प्रश्न. हा मी तिला विचारलाही. ती बराच वेळ विचार करत राहिली आणि पान 6 वर एकच ओळ लिहिली: 'दाणा जड होता.' आधी त्या जागी 60-70 शब्द होते.

शुद्धलेखन मी शेवटी दुरुस्त करणार, तुमचं ऐकून. पण वेगळ्या कागदावर.

ब्रशवाली

यावरून एरिक कार्लची गोष्ट सांगते, कारण ती अगदी याचीच आहे.

तो एकदा पंच मशीनने कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडत होता. भोकं बघून त्याला पुस्तकातला किडा सुचला, पुस्तक पोखरत जाणारा. ती कल्पना घेऊन तो संपादिका अॅन बेनेड्युसकडे गेला. तिला किडा काही पटेना. तिने सुरवंट सुचवला. आणि त्याक्षणी कार्लच्या तोंडून फुलपाखरू हा शब्द निघाला. तेच पुढे 1969 चं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर', ज्याच्या पानांना खरीखुरी भोकं आहेत.

तिने सुरवंट दिला, फुलपाखरू नाही दिलं. मला वाटतं मदतीचं माप तेवढंच असावं. कानामात्रा सरांचंही यात खरं आहे: ती गप्प बसली असती तर किडाच राहिला असता.

घडीकाम

आणि त्या पुस्तकाचा जन्म भोकांतून झाला हे विसरू नका. कागद, घडी, कापणं, उलटणं ही सगळी गोष्टीची हत्यारं आहेत. लिहिणाऱ्याच्या हातात कोरी डमी असली की ती हत्यारं दिसतात. वहीत दिसत नाहीत.

बालवाडीताई

निळीशाई, तिच्या भावाला अजून वाचून दाखवलं नाही ना? वाचलंत की सगळं सविस्तर लिहा. पोर कुठे बघत होतं ते तर नक्की.

निळीशाई

काल वाचून झालं. तिच्या आईने वाचलं, भाऊ मांडीत, ही शेजारी पेन्सिल घेऊन, मी लांब खुर्चीत.

एक आधी सांगायला हवं. गेल्या शनिवारी ती 14-15 पानावर अडली होती. मुंगी रांगेतून चुकते ते पान. लिहिलेलं असं: 'मग एक भली मोठी दरी आली.' चित्रात दरी काढायचा तिने चारदा प्रयत्न केला, खोडून खोडून कागद फाटायला आला. घडीकामदादांनी सांगितलं होतं, मधल्या घडीत काही येऊ देऊ नका; मी तिला ते आधीच सांगून ठेवलं होतं आणि ती बिचारी सगळं घडीपासून लांब ठेवत होती. मी काही विचारलं नाही, सुचलंच नाही. ती डमी घेऊन घरी गेली.

काल आईने ते पान उघडलं. डाव्या पानावर, घडीला अगदी लागून, मुंग्यांची रांग संपलेली. उजव्या पानावर पलीकडच्या काठाला बाकीच्या मुंग्या, पाठमोऱ्या, लांब चाललेल्या. आणि आपली मुंगी डाव्या काठावर एकटी, पाय घडीच्या अगदी टोकाशी. दरी काढलेलीच नाही. घडी हीच दरी. मजकूर तिने दोन शब्दांवर आणला होता: 'दरी आली.'

भावाने काय केलं असेल? घडीत बोट घातलं. वरून खालपर्यंत फिरवलं आणि म्हणाला, 'पडेल ती.' आई पुढचं पान उलटायला लागली तर त्याने हात धरला. उलटू देईना. पान मिटलं की मुंगी चेंगरेल म्हणे.

हिने तिथे ठिपका दिला नाही, फुलीही नाही. नुसती बघत राहिली त्याच्याकडे.

घडीकाम

चाळीस वर्षं मी लोकांना सांगतोय की घडीपासून लांब राहा. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. आणि छापायची वेळ आली तर बांधणी शिवणीची करा. घडी पूर्ण उघडायला हवी, नाहीतर दरी उथळ होईल.

कानामात्रा

हे तिला कोणीही सांगू शकलं नसतं. माझा प्रश्न मागे घेत नाही, पण यापुढे तो विचारताना हे पान आठवेल.

पाऊलवाट

पण मुंगी पलीकडे गेली कशी?? आणि तात्पर्याचं काय झालं?

निळीशाई

पाऊलवाट, पलीकडे जाण्यासाठी ती दाणा खाली ठेवते, घडीत. दाणा अडकतो, त्यावर पाय देऊन ती पार होते. हे शब्दांत कुठेही नाही, तीन चित्रांत आहे. मग ती रिकाम्या तोंडाने वारुळात येते.

तात्पर्याची पट्टी डमीच्या शेवटच्या पानात मला सुटी सापडली, न चिकटवलेली. 30-31 वर सगळ्या मुंग्या गोल करून बसल्यात, प्रत्येकीपुढे आपापला दाणा, आपल्या मुंगीपुढे काही नाही. पान 32 वर शेजारच्या मुंगीचा दाणा दोन तुकड्यांत मोडलेला. आत्ता तिथे शब्द नाहीत. तिला एक ओळ हवी आहे, पण कोणती ते अजून ठरत नाही. शनिवारी येईल तेव्हा मी विचारणार आहे, मोडताना आवाज झाला का म्हणून.